‘प्रामाणिक प्रयत्न’ नावाची शिवी

मराठी सिनेमाच्या परीक्षणात ‘प्रामाणिक प्रयत्न’ हे दोन शब्द दिसले की शहाण्या माणसाने तिकीट काढू नये. प्रामाणिक म्हणजे चोरलेला नाही आणि प्रयत्न म्हणजे जमलेला नाही. सिनेमा वाईट आहे, पण करणाऱ्यांनी घाम गाळलाय, घरचीदारची माणसं राबवलीत, आता त्यांना आणखी काय मारायचं, असा त्याचा पूर्ण अर्थ होतो.

हे शब्द जन्मले प्रेस शोच्या दारात. प्रेस शो म्हणजे प्रदर्शनाच्या आधी पत्रकारांना फुकट दाखवतात तो खेळ. आत हाडं गारठवणारा एसी, हातात समोसा, आणि सिनेमा संपला की बाहेर पडायच्या एकुलत्या एका दारात दिग्दर्शक, त्याची बायको, त्याची आई अशी मंडळी कार्याच्या यजमानांसारखी उभी. ‘कसा वाटला?’ आता एखाद्या माउलीला तोंडावर काय सांगणार, की बाई, तुमच्या चिरंजीवांनी दोन तास आमचा जीव खाल्ला? मग मान जराशी तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, ‘प्रामाणिक प्रयत्न आहे.’ आई खूश व्हायची. मुलगा व्हायचा नाही, कारण मुलाला अर्थ कळायचा.

दारातली ही भाषा छापात आली ती आमच्या संपादकांच्या कृपेने. पेपरचं धोरण ठरलं की मराठी सिनेमाला तीन ताऱ्यांच्या खाली जायचं नाही. ‘मराठी सिनेमा जगला पाहिजे,’ असं मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने सांगण्यात आलं. तो का जगला पाहिजे हे मला न सांगता कळत होतं. निम्म्या सिनेमांचे आम्ही माध्यम प्रायोजक होतो आणि उरलेल्या निम्म्यांच्या जाहिराती आमच्याकडे येत होत्या. तेव्हा तारे पेपरचे आणि शब्द माझे, अशी न बोलता वाटणी झाली. रद्दड सिनेमालाही तीन तारे छापून यायचे, पण खाली मजकुरात कुठेतरी मी ते दोन शब्द पेरून ठेवायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, त्यात निदान कण्हायची सोय मी करून घेतली होती.

आणि वाचकांना ते कण्हणं ऐकू यायचं. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. शुक्रवारी सकाळी दूध आणायला जाताना ते मला हटकत, ‘काय हो, आज प्रामाणिक का?’ मी मान डोलावली की त्यांचा शनिवारचा बेत रद्द. डोंबिवलीत एका लग्नात मुलाकडच्यांनी नेसवलेल्या साडीकडे बघून एक बाई म्हणाल्या, ‘प्रामाणिक प्रयत्न आहे हो,’ आणि शेजारच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मी मागच्याच रांगेत होतो. मला तेव्हा पुरस्कार मिळाल्यासारखं वाटलं. खरा पुरस्कार कधी मिळाला नाही, ते जाऊ दे.

माझा एक मित्र आहे. कल्याणच्या कॉलेजात आम्ही एकत्र एकांकिका करायचो. तो बसवायचा, मी पाठांतर विसरायचो. पहिल्या तालमीपासून मला ठाऊक होतं की आमच्यात खरा माल त्याच्याकडे आहे. पण घरात मागे दोन बहिणी होत्या, बँकेची परीक्षा पास झाला होता, तेव्हा तो बँकेत चिकटला आणि मी, ज्याला काहीच धड जमत नव्हतं, तो दुसऱ्यांचं कसं जमलं नाही ते सांगणाऱ्या धंद्यात आलो. बँकेतून तो वेळेआधी बाहेर पडला आणि त्याने सिनेमा केला. आंबिवलीला एक कारखाना कधीचा बंद पडलाय, त्याच्या कामगारांच्या चाळी अजून कशाबशा उभ्या आहेत. त्यांतल्या एका खोलीत सगळा सिनेमा घडतो.

सिनेमा तयार झाल्यावर त्याने मला डोंबिवलीला घरी जेवायला बोलावलं. मला वाटलं, आता हा ‘जरा बघ हं’ म्हणणार. सगळेच म्हणतात. ज्यांची आणि माझी ओळख रिक्षाच्या रांगेत झालेली असते तेसुद्धा म्हणतात. तो म्हणाला ते वेगळंच.

“हे बघ, मला मदत करायची नाही. आवडला तर तसं लिही, नाही आवडला तर तसं. पण खरं लिही.”

“आणि पडला म्हणजे?”

“पडू दे रे. दुसरी गोष्ट तयार आहे माझ्याकडे. पहिला पडला तरी मी ती करीन. फक्त हा बरा झालाय का, तेवढं मला कळलं पाहिजे.” मग ताटातल्या भातावर आमटी घेत तो म्हणाला, “मला ना, आतून कळतच नाही. बायको छान म्हणते, मुलगी छान म्हणते. त्यांना काय, त्या माझा चहापण छान म्हणतात. तू खोटं लिहीत नाहीस. तू लिहिलंस की कळेल.”

म्हणजे त्याच्या सिनेमाचा आठवडा नव्हे, त्याच्या पुढच्या सगळ्या आठवड्यांचा निकाल त्याने माझ्या हाती सोपवला होता. मी ‘बरं’ म्हणालो आणि आणखी एक पोळी घेतली.

सिनेमा असा होता. कारखान्याच्या चाळीत राहणारा एक म्हातारा. पूर्वी पाळीचा भोंगा वाजवण्याचं काम त्याच्याकडे होतं. खोल्या रिकाम्या करायची नोटीस लागलेली असते. त्याची लेक डोंबिवलीहून त्याला न्यायला येते आणि एका रविवारी दोघं मिळून घर आवरतात. एवढंच. घरात एक मोठं लाकडी कपाट असतं. लेक टेप घेऊन मापं घेते आणि तिच्या लक्षात येतं की हे दारातून निघणारच नाही. कपाट खोलीतच बसून बनवलेलं असतं, आणि बनवणाऱ्याने ते कधी बाहेर काढावं लागेल असा विचारच केलेला नसतो. ती बापाला विचारते, ‘बाबा, हे आता कसं?’ बाप म्हणतो, ‘आपण जाऊ की.’ आणि कपाटाचं दार नीट लावून घेतो. कुणी रडत नाही, मागे सारंगी वाजत नाही.

मी प्रेस शोला रडणारा माणूस नाही. प्रेस शोला मी बहुधा डुलकी काढतो. त्या दिवशी मात्र दिवे लागले तेव्हा शेजारचा पत्रकार समोशाचा कागद चुरगाळत होता आणि मला त्या आवाजाचा संताप आला. मी रुमाल शोधत होतो. एवढी वर्षं वाईट सिनेमे सौम्य शब्दांत गुंडाळून द्यायची सवय झालेल्या माणसापुढे एकदम चांगला सिनेमा आला, तर त्याला शब्द कुठून सुचणार?

दारात तो उभा होता. एकटाच. बायकोमुलीला त्याने आणलं नव्हतं. ‘कसा वाटला’ हेही त्याने विचारलं नाही, नुसता बघत होता. माझ्या मागे-पुढे सगळे तोच ठेवणीतला चेहरा करून तेच दोन शब्द बोलत होते, काही जण तर मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे. त्या गर्दीत, त्या दारात मला त्याच्या सिनेमाबद्दल एक अक्षर बोलायचं नव्हतं. मी त्याचा हात घट्ट दाबला, “पेपरात वाच,” एवढंच म्हणालो आणि पळालो.

घरी जाऊन मी लिहिलं. असं मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं. बायको दोनदा जेवायला हाक मारून गेली. कपाटाचा प्रसंग सावकाश उलगडला, म्हातारा आणि लेक यांच्यात जे बोललं जात नाही ते मांडलं, सुरुवातीला ध्वनी जरा कच्चा आहे तेही एका वाक्यात लिहिलं, कारण त्याने खरं मागितलं होतं. आणि शेवटच्या दोन परिच्छेदांत सरळ लिहून टाकलं की हा सिनेमा ज्याने केला त्याने आता थांबू नये. साडेचार तारे. मथळा दिला, ‘दारातून न निघणारं कपाट’. गुरुवारी दुपारी मजकूर पाठवला आणि संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर उगाचच फिरून आलो. इतकं बरं वाटत होतं.

शुक्रवारी पेपर उघडला. आमच्या पानावर, आम्ही ज्याचे माध्यम प्रायोजक होतो त्या दुसऱ्या सिनेमाची जाहिरात पसरली होती. ऐन वेळी मोठी करून घेतलेली. तिच्या काठाला, पाटावर जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखं माझं परीक्षण एका कॉलमात उभं होतं. खालचे परिच्छेद गायब. राहिली होती नुसती गोष्ट आणि ध्वनी कच्चा असल्याचं वाक्य. तारे तीन. आणि वर ठळक अक्षरांत मथळा: ‘प्रामाणिक प्रयत्न’.

मी डेस्कला फोन लावला. पानं लावणारी मुलगी नवीन होती, कामाला चोख आणि आवाजात कायम आदर.

“सर, जागाच नव्हती. खालून कापलं. आणि तुमचं हेडिंग सिंगल कॉलममध्ये बसत नव्हतं, खूप लांब होतं.”

“मग हे कुठून आलं?”

“तुमचंच आहे ना सर. सिस्टीममध्ये तुमचे जुने रिव्ह्यू बघितले, खूप वेळा होतं त्यात. मला वाटलं, सरांना आवडतं.”

“अगं, त्याचा अर्थ काय होतो माहितीये तुला?”

“ऑनेस्ट अटेम्प्ट,” ती म्हणाली. मग जरा घाबरून, “पॉझिटिव्हच आहे ना सर?”

शब्दकोश तिच्या बाजूने होता. ताऱ्यांचं विचारलं तर म्हणाली, साडेचार पार्टनरच्या, म्हणजे आम्ही ज्याचे माध्यम प्रायोजक होतो त्या सिनेमाला दिलेत, एकाच दिवशी दोघांना देता येत नाहीत. मी फोन ठेवला आणि संपादकांना लावला. ते म्हणाले, “अरे, शुद्धिपत्र कशाचं छापू? ‘प्रामाणिक प्रयत्न’ असे छापले गेले, ते ‘चांगला सिनेमा’ असे वाचावे? लोक हसतील आपल्याला. आपण काय शिवी दिली का त्याला?” मी म्हणालो, हो, शिवीच दिली. त्यांना तो विनोद वाटला. फार तर वेबसाइटवर जरा उत्साही करतो म्हणाले, आणि खरंच केलं. दुपारी तिथला मथळा होता: ‘नक्की पाहाच! एक प्रामाणिक प्रयत्न’.

मित्राचा फोन लागत नव्हता. त्याच्या सिनेमाला कल्याणच्या मल्टिप्लेक्समध्ये दुपारचा एकच खेळ मिळाला होता, तेव्हा तो तिथेच असणार हे उघड होतं. मी रिक्षा, बस, परत रिक्षा करत तिथे पोहोचलो. तिकीट खिडकीपुढे माझ्या आधी एक जोडपं उभं होतं, साठीच्या आसपासचं, व्यवस्थित इस्त्रीचे कपडे. बाई वरच्या पडद्यावर नावं वाचत होत्या. त्यांनी मित्राच्या सिनेमाकडे बोट दाखवलं.

“हा बघूया का? आंबिवलीतला आहे म्हणे. माझी आत्या राहायची तिथे.”

“नको गं. आजच वाचलंय. प्रामाणिक प्रयत्न दिलाय त्याने.”

“अगंबाई! मग नकोच.”

“तारे बघायचे नसतात, खाली वाचायचं असतं,” गृहस्थ अभिमानाने म्हणाले. “मी कितीतरी वर्षं वाचतोय त्याला.”

हा माझा वाचक. अशा वाचकासाठी माणूस जन्मभर लिहितो. मला राहवलं नाही. मी पुढे होऊन सांगितलं की ते परीक्षण माझं आहे, मथळा मात्र माझा नाही, तो डेस्कवर बदलला गेला, सिनेमा फार चांगला आहे, कृपा करून बघा. गृहस्थांनी मला खालपासून वर न्याहाळलं. पेपरातला फोटो जुना असला तरी ओळख पटली. त्यांना आनंद झाला, हातबीत मिळवला. मग आवाज खाली आणून, समजूतदारपणे विचारलं, “ओळखीचे आहेत का कोणी?”

मी खोटं बोलायला हवं होतं. पण नेमका तिथे मी खरं बोललो. “मित्र आहे,” म्हणालो.

“असू दे, असू दे. आम्हीपण समजतो,” म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि पार्टनरच्या सिनेमाची दोन तिकिटं काढली.

आत तुरळक माणसं होती. त्यांतली बरीचशी त्याच्या बँकेतली. खेळ संपल्यावर मी त्याला बाहेर रस्त्यापलीकडच्या टपरीवर नेलं आणि चहा सांगितला. तो शांत होता. मला ओरडला असता, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“वाचलं मी,” तो म्हणाला. “बरोबर लिहिलंयस.”

“मी लिहिलेलं नाहीये ते! अर्धं कापलंय. मथळा त्या पोरीने टाकलाय.” मी फोन काढला, पाठवलेला मजकूर उघडला आणि त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, सावकाश, शेवटपर्यंत. क्षणभर त्याचा चेहरा बदलल्यासारखा मला वाटला. मग त्याने फोन परत केला.

“छान लिहिलंयस. कधी लिहिलंस, आज सकाळी?”

“अरे गाढवा, काल पाठवलंय. तारीख बघ वर.”

“तारखेचं काय रे.” तो हसला. “तू पहिल्यापासून असाच. आपली एकांकिका पडलेली तेव्हापण तू सगळ्यांना चहा पाजत फिरलेलास, कित्ती भारी झाली म्हणत.”

“ते वेगळं होतं.”

“त्या दिवशी तू दारातून बाहेर आलास ना, तुझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मला तेव्हाच कळलेलं. पेपरात वाच म्हणालास, मी वाचलं. आता कशाला जिवाला लावून घेतोस? मीच म्हणालेलो ना, खरं लिही.”

मी तिथे टपरीवर आवाज चढवला. लोक बघायला लागले. मी त्याला शपथेवर सांगितलं, आईची शपथ घेतली, सिनेमातला एकेक प्रसंग घेऊन काय कसं जमलंय ते सांगितलं. जितकं जास्त बोलत गेलो तितकी त्याची खात्री पटत गेली की मी त्याचं सांत्वन करतोय. त्याच्या लेखी माझ्या तोंडी शब्दाला किंमत नव्हती, कारण तोंडी मी मित्र होतो. किंमत छापलेल्याला होती. मी वर्षानुवर्षं जपलेली इभ्रत ती, आणि ती माझ्याच विरुद्ध साक्ष देत उभी होती. चहा गार झाला. शेवटी त्यानेच टपरीवाल्याला दुसरा करायला सांगितला.

सोमवारी सिनेमा उतरला. पार्टनरचा सिनेमा पुढे तीन आठवडे चालला. त्यावरही मी लिहिलं होतं, आणि त्यात ते दोन शब्द अगदी मधोमध होते, पण ते परीक्षण छापताना मजकुराला जागाच नव्हती, नुसते तारे छापले.

काही महिन्यांनी डोंबिवलीच्या एका वाचनालयाने मला भाषणाला बोलावलं. विषय ‘सिनेमा कसा पाहावा’. डोंबिवलीत कशावरही भाषण ठेवा, माणसं छत्री आणि पाण्याची बाटली घेऊन वेळेआधी हजर असतात. मी लगेच हो म्हणालो, कारण माझ्या मनात एक बेत होता. तासभर फक्त त्याच्या सिनेमावर बोलायचं. पेपरात नाही तर नाही, भरल्या सभेत, माइकवर, चारचौघांच्या साक्षीने. मग तरी त्याला पटेल.

पण वक्त्याची ओळख करून द्यायला वाचनालयाने त्यालाच सांगितलं होतं. तो त्यांचा सभासद. तो स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात माइकपुढे उभा राहिला आणि कागद न घेता बोलला.

“मी एक सिनेमा केलेला, तुमच्यातल्या काहींनी पाहिलाही असेल. सगळे म्हणाले, छान आहे. बायको म्हणाली, नातेवाईक म्हणाले, बँकेतले म्हणाले. हा एकच माणूस असा निघाला की त्याने तीसपस्तीस वर्षांची मैत्री बाजूला ठेवली आणि खरं काय ते छापलं. वर मला वाईट वाटू नये म्हणून इतका धडपडला की काय सांगू. मी दुसरा सिनेमा करायला निघालेलो. ह्याच्यामुळे थांबलो, वेळेवर थांबलो. असा मित्र मिळायला नशीब लागतं.”

सभागृहात टाळ्या वाजल्या. जोरात आणि मनापासून. पुढच्या रांगेतल्या एक आजी तर माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या.

मी उठलो आणि ठरल्याप्रमाणे बोललो. तासभर त्याच्या सिनेमावरच बोललो, काही राखून ठेवलं नाही. लोक कौतुकाने ऐकत होते. मित्रासाठी माणूस एवढं करतो, असं त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होता, मधूनच शेजारच्याकडे बघून ‘बघा, मी म्हणालो नव्हतो’ असं हसत होता. माझ्या एका शब्दावरही त्याचा विश्वास नव्हता, आणि माझ्यावर मात्र पूर्ण होता.